आज्जीच्या हाताखाली: सातारा-सांगलीकडच्या नातवंडांनो, लिहा

परवा बहिणीशी फोनवर गप्पा मारताना विषय निघाला की आज्जीकडनं आपण नेमकं शिकलो काय. आज्जी प्रेमळ होती, लाड करायची, हे सगळ्यांचंच असतं, ते प्लीज नका लिहू. तिच्या हाताखाली काय काम केलंत, कशावरून धपाटा खाल्लात, कशाला हात लावू दिला नाही, असलं लिहा. सातारा नाहीतर सांगली जिल्हा असला की झालं (कोल्हापूरकर न बोलावता येणारच, या.) सुरुवात मी करते.

माझं आजोळ कराडपासून एसटीनं अर्ध्या तासावर. परीक्षा संपली की आई आम्हाला तिथं सोडून त्याच गाडीनं परत. पहिले चार दिवस पाहुणचार आणि मग आज्जी कामाला जुंपायची. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं काम माझं, आणि तिसऱ्या दिवशी त्याला जो आंबूस वास सुटतो तो ज्याला आवडत नाही तो आमच्या घरातलाच नव्हे असं तिचं म्हणणं. मग पाट्यावर वाटायचा, पिळायचा, फडक्यातनं गाळायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी वरची निवळ अलगद ओतून द्यायची की खाली पांढराशुभ्र चीक बसलेला. इथपर्यंत आमचा हात चालायचा. चीक हाटायला मात्र ती कुणालाच द्यायची नाही, आईला पण नाही. एका हातानं आधणात धार सोडणार, दुसऱ्या हातात लाटणं गरागरा, आणि एखादी गुठळी झालीच तर आधी लाकडांना शिवी, मग चुलीला, मग ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या आजोबांना. त्यांचा काय संबंध ते अजून कळलेलं नाही. गरम चीक ताटलीत, वर दूध-साखर. पातेल्याची खरवड कुणाची यावर दरवर्षी मारामारी. दुपारी मला हातात काठी आणि डोक्याला ओलं फडकं देऊन माळवदावर राखणीला बसवायची. कावळे कमी यायचे, मामाची पोरंच जास्त, अर्धवट वाळलेल्या कुरडया पळवायला.

चला, आता तुम्ही.

पाटणचा नातू

आमचं गाव कोयनेच्या अंगाला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा माझे वडील लहान होते, आज्जीनं त्यांना वाकळंसकट उचलून अंगणात आणलेलं. मला आठवतं ते पुढचं, ऐंशीच्या दशकातलं, तेव्हा पण अधनंमधनं धक्के बसायचेच. मी तिच्याशेजारी झोपायचो. रात्री फळीवरची पितळी भांडी किणकिणायला लागली की ती माझा दंड घट्ट धरायची, भांडी गप झाली की सोडायची. बोलायची काहीच नाही. सकाळी विचारलं की "उंदीर आसंल." दाराला कडी कधी घालू दिली नाही तिनं, दार नुसतं लोटून आतनं पाट टेकवायचा, कारण घर हललं आणि कडी अडकली तर बाहेर पडायचं कसं? चोर आले तर, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "चोर न्हेऊन न्हेऊन काय न्हेणार, तुझा आज्जा?"

मिश्रीवाली

आमच्या आज्जीची मिश्री भाजायचं काम माझ्याकडं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, अख्खी गल्ली खोकायची आणि शेजारच्या काकू खिडकी आपटायच्या. एवढंच. आजच्या आयांना सांगितलं तर चाइल्डलाइनला फोन करतील.

हरिपूरकर

माझं आजोळ सांगलीजवळ हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमाचं गाव. तिथं हळदीची पेवं होती. ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी, पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार, वरचं तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढंच आणि आत पोट मोठं. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पण आत हवा कोंडलेली असते, म्हणून उघडल्यावर काही तास तसंच ठेवायचे, मग कंदील खाली सोडून बघायचे, विझला तर कुणी उतरायचं नाही. आज्जीचा धाकटा भाऊ पेवात उतरून पोती भरायच्या कामावर होता. पेव उघडायच्या दिवशी आज्जी आम्हाला घरात कोंडायची आणि स्वतः उंबऱ्यात पदराचं टोक दातात धरून उभी. आम्ही खिडकीतनं बघायचो. मामाआज्जा वर यायचा तो भुवयांपासनं पायाच्या नखापर्यंत पिवळा, आणि तो दिसला की ही एक शब्द न बोलता आत जाऊन चहाचं आधण ठेवायची, जणू काही उभीच नव्हती. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, माल गेला, मोठी माणसं डोक्याला हात लावून बसलेली. आज्जीनं फक्त विचारलं, "मंजी आता कुणाला उतरायला नगं न्हवं?"

तासगावकडची

वर सगळ्यांच्या आज्ज्या घरात, माझी रोजानं जायची, बेदाणा शेडवर. मार्च-एप्रिलला आमच्याकडं द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर टाकतात, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार. मला सांभाळायला घरी कोणी नाही म्हणून शाळा सुटली की मी पण शेडवर. बायका ओळीनं निवडायला बसायच्या, हिरवा एकीकडं, काळपट एकीकडं, काड्या बाजूला. आज्जीची बोटं चालू, तोंड पण चालू, गावातल्या कुठल्या सुनेचं काय बिनसलंय ते मला दहाव्या वर्षी पाठ होतं. खायला मनाई नव्हती पण आज्जी खाऊ द्यायची नाही, मालकाच्या मालाला तोंड लावायचं नाही म्हणून. शनिवारी पगार झाला की येताना दुकानातनं पैसे देऊन पावशेर बेदाणे घ्यायची. दिवसभर ज्याच्यात बसलो तेच विकत! तेव्हा मला हा निव्वळ येडेपणा वाटायचा आणि खरं सांगू का, थोडा अजून वाटतो.

मिरज जंक्शन

नॅरोगेज आठवते का कुणाला? मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जायची ती. आता ब्रॉडगेज झाली. आज्जी कार्तिकीला मला घेऊन जायची. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, गाडी अशी रमतगमत की मधे उतरून चिंचा पाडून परत चढावं (चढायचे लोक). पिशवीत धपाटी, शेंगाची चटणी, कांदा. टीसी दिसला की आज्जी मला हळूच म्हणायची "बस मांडीवर, आन त्वांड गप ठिव." माझं वय तिनं बरीच वर्षं वाढूच दिलं नाही. मिसरूड फुटायला लागल्यावर एका टीसीनं माझ्याकडं बघितलं, आज्जीकडं बघितलं आणि म्हणाला, "आजी, नातवाला आता तरी पूर्ण तिकीट काढा, नायतर पुढच्या साली ह्याचं पोरगं मांडीवर आसंल." डबाभर हसले. आज्जीनं त्यालाच धपाटं खायला दिलं. तिकीट काढलं का ते नाही आठवत.

वाळवा तालुका

आमची आज्जी शेवटपर्यंत गाव सांगताना "जिल्हा सातारा" सांगायची. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० ला त्याचं सांगली झालं, हिला काही फरक पडला नाही. पत्री सरकारच्या वेळी, १९४३-४४ ला, ती परकरी पोर. तिची आई जास्तीच्या भाकरी थापायची आणि ही गवताच्या भाऱ्यात लपवून रानात भूमिगतांना पोचवायची. हे तिनं कधी मोठेपणानं सांगितलं नाही. मला कळलं ते भाकरी शिकवताना, मी मोजून भाकरी केल्या की ओरडायची, "मोजून काय करतीस, कोन येनार हाय ते म्हाईत हाय व्हय तुला?" मी अजून दोन जास्तीच्या करते, नवरा शिळ्या खातो बिचारा.

माणदेशी

सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहिते. आमच्या आज्जीनं सायीचं दूध कायम भावाला दिलं, मला खालचं. मागितलं तर "पोरीच्या जातीला" वगैरे. राग अजून आहे. आणि त्याच बाईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, मिलोच्या (रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या) भाकरी खाऊन चार लेकरं जगवली, आणि मला सायकल घेऊन द्या म्हणून वडिलांशी आठवडाभर अबोला पण तिनंच धरला. आता काय करायचं ह्या हिशोबाचं? तिच्या हातची शेंगोळी मात्र परत कुठं मिळाली नाहीत. पावसाळी दिवसात चुलीपुढं बसून आम्ही वळायचो, माझी जाडी व्हायची म्हणून गुपचूप मोडून परत वळायची.

पाटणचा नातू

ताई, शेंगोळ्यांची रेसिपी टाका की. आमची नुसती पिठलं होतात.

माणदेशी

पाणी खळखळायच्या आत टाकत असाल. हुलग्याचं पीठ घ्या, त्यात लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, हळद, तेलाचा हात लावून घट्टच मळा, पोळीच्या कणकेसारखं सैल नको. बोटाएवढ्या जाड वळून टोकं चिकटवा. भरपूर लसणाची फोडणी, त्यात पाणी, आणि ते चांगलं उसळ्या मारायला लागलं की एकेक सोडा. पाच मिनिटं डाव घालू नका. मग थोडं पीठ पाण्यात कालवून वरनं ओता, रस्सा दाटतो. वर कच्चं तेल आणि बाजरीची भाकरी. हुलगा जुना असला तर आधी मंद भाजून दळून आणा, नाहीतर कडवट लागतो.