पोर्तोहून खाण्यासाठी एका दिवसाच्या सहली: आवेइरो, मेआल्यादा, मातोझिन्योश

प्रश्न
जूनअखेर पोर्तुगालमधल्या पोर्तोत मुक्काम आहे, गाडी घेणार नाही. आवेइरोची ओवुश मोलेश ही अंड्याची मिठाई आणि मेआल्यादाचं लैतांव एका दिवसात जमेल का? माशांसाठी पोर्तोजवळच्या मातोझिन्योश बंदराला कोणत्या वारी जावं? सोबतचा एक जण मांस-मासे खात नाही, अंडं चालतं.

रूळवेडा
जमतं, पण आधी मेआल्यादा, मग आवेइरो. क्रम उलटा केलात तर दोन्ही पदार्थ बिघडतात.

लैतांव म्हणजे डुकराचं दूधपितं पिल्लू. पोटात लसूण, मिरी, मीठ आणि चरबीचं वाटण भरून ते सळईवर, लाकडाच्या भट्टीत सुमारे दोन तास भाजतात. खरी चव कुरकुरीत कातडीत आहे, आणि ती वाफ धरली की चिवट होते. म्हणून साडेबारालाच टेबल गाठा, पार्सल नकोच. एक 'दोझ' म्हणजे एक प्लेट बहुधा दोघांना पुरते, अर्धी हवी तर 'मेया दोझ' म्हणा. सोबत संत्र्याच्या चकत्या, बटाट्याचे वेफर्स आणि त्याच बैर्रादा भागातली फसफसती वाईन.

पोर्तोच्या साओ बेंतो स्टेशनहून आवेइरोपर्यंत उपनगरी गाडी तासाभराहून थोडा जास्त वेळ घेते. तिथे कोइंब्राकडची रीजनल पकडा. जलद आल्फा मेआल्यादाला थांबत नाही. रीजनल कमी असतात, त्यामुळे जेवायला बसण्याआधीच परतीची वेळ बघून ठेवा. आदल्या रात्री रेल्वेच्या साइटवर 'ग्रेव' म्हणजे संप नाही ना, हेही बघा.

ओवुश मोलेश परतीच्या गाडीत बसण्याआधी घ्या. पिवळ्या बलकाचं आणि साखरेचं ते सारण पातळ पापडीसारख्या कवचात असतं. कवच ओलावा शोषून मऊ पडतं, दिवसभर पिशवीत वागवलंत तर लगदाच होतो.

दर्याकाठ
मातोझिन्योशला सोमवारी जाऊ नका. रविवारी बऱ्याच होड्या निघत नाहीत, त्यामुळे ताजा मासा कमी आणि बरीच हॉटेलंही बंद. पोर्तोतल्या त्रिंदादे स्टेशनहून मेट्रोची निळी 'ए' लाइन घ्या. आंदांते हे तिकिटाचं कार्ड गाडी बदलतानाही पुन्हा टेकवायचं, नाहीतर दंड.

मोठे मासे किलोवर विकतात. निखाऱ्यावर जाण्याआधी वजन करून किंमत विचारा. एकाला ४०० ते ५०० ग्रॅमचा अख्खा मासा भरपूर. सार्डिन मात्र प्लेटवर. ते न साफ करता, जाड मीठ लावून भाजतात. साल सोलून बाजूचं मांस खायचं, पोट सोडायचं. जून म्हणजे चरबी भरायला लागलेली असते, हंगाम उत्तमच. २३ जूनच्या रात्री साओ जुआंव या सणाची गर्दी असते, तेव्हा टेबल आधी राखून ठेवा.

हिरवीभाजी
शाकाहाऱ्यासाठी 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही. काल्दु व्हेर्द या पालेभाजीच्या सूपमध्ये शोरिसू या डुकराच्या सॉसेजची चकती असते, शेंगांच्या सूपमध्ये हाडांचा रस. गोडातही फसगत होते: ब्रागाच्या 'पुदीं आबाद द प्रिश्कुश' या पुडिंगमध्ये डुकराची चरबी घालतात. 'सें बान्या, सें तोसिन्यू?' म्हणजे डुकराची चरबी नाही ना, असं विचारा. ओवुश मोलेश मात्र बलक, साखर, पाणी आणि पिठाचं कवच एवढ्यातच होतात.

आणि न मागताच टेबलावर आणून ठेवलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. नको असेल तर लगेच परत पाठवा. न मागितलेल्या, हात न लावलेल्या पदार्थाचे पैसे कायद्याने घेता येत नाहीत.