ऑटोमॅटिक गाडी आणि घाट: गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरमध्ये गार करावे की बाहेरच्या कूलरमध्ये?

पसरणीकर:
काल येथे एकाने ठामपणे लिहिले की, ऑटोमॅटिक गाडी घाटात न्यायची असेल तर रेडिएटरमधला तेलाचा कूलर सरळ बाद करावा आणि पुढच्या जाळीमागे स्वतंत्र कूलर बसवावा. हा सल्ला अर्धवट आहे आणि तो वाचून कोणी चांगल्या गाडीचे पाइप कापू नयेत, म्हणून सविस्तर लिहितो. रेडिएटरमधला कूलर तेल गार करतो, तसाच थंडीत सकाळी त्याला ऊबही देतो, कारण कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) तेलाच्या आधी तापतो. तेल साधारण 80 ते 95 अंशांवर राहिले तर गिअरबॉक्स सुखात असतो. नुसता बाहेरचा कूलर असेल, तर महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटे तेल बराच वेळ घट्ट राहते आणि गिअर उशिरा बदलतात. तो हवाच असेल, तर रेडिएटरमधल्या कूलरनंतर, परतीच्या पाइपवर, थर्मोस्टॅटसह (तेल तापेपर्यंत ते कूलरकडे न जाऊ देणारी झडप) जोडावा.

कोयनाकाठ:
हे लिहायला सोपे आहे, पण मी भोगले आहे. माझ्या रेडिएटरमधला कूलर आतल्या आत गळला. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी पाहायची डिपस्टिक काढली, तेव्हा तिला लाल तेलाऐवजी गुलाबी, दुधाळ फेस लागलेला होता. कूलंटमधले पाणी गिअरबॉक्समधल्या क्लचच्या अस्तरात मुरले, त्याचा चिकटपणा गेला आणि गिअरबॉक्स उघडावा लागला. ज्या टाकीत तेल आणि कूलंट यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे, तिच्यावर मी पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

ह्यूस्टनवासी:
कोयनाकाठ यांचा अनुभव एकट्याचा नाही. इकडे अमेरिकेत 2005 ते 2010 या काळातल्या निस्सान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर या गाड्यांमध्ये नेमका हाच दोष गाजला.

वंगण:
आपण सर्वजण कूलरवरच अडकला आहात. माझ्या गाडीच्या वेळी सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने सांगितले की, हे तेल आयुष्यभराचे आहे, बदलावे लागत नाही. नव्वद हजार किलोमीटरनंतर मी हट्टाने ते काढायला लावले, तर ट्रेमध्ये काळे, जळका वास येणारे तेल पडले. आयुष्यभर म्हणजे कोणाचे आयुष्य, याचे उत्तर मला कोणी दिले नाही.

पसरणीकर:
विषय कूलरचा आहे.

वंगण:
विषय तेल तापण्याचा आहे, आणि जुने तेल गार करून त्याचा कस परत येत नाही. ज्यांनी एकदाही तेल बदललेले नाही, त्यांनी कूलरवर खर्च करण्याच्या गोष्टी करू नयेत.

कोयनाकाठ:
मी दर चाळीस हजारांना तेल बदलत होतो. न विचारता दुसऱ्याला निष्काळजी ठरवू नका.

वंगण:
आपल्याबाबत माझे चुकले, ते शब्द मागे घेतो. बाकीच्यांबाबत नाही.

घाटमाथा:
मे महिन्याच्या सुट्टीत पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे मी दर वर्षी पाहतो. गाडी जागची हलत नसते, त्यामुळे इंजिनची सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. अशा वेळी जाळीमागच्या कूलरला वारा मिळत नाही, पंखा ओढेल तेवढीच हवा. थांबल्यावर ब्रेक लावावा आणि सरकताना मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरावा. याला एक पैसाही लागत नाही.

कोयनाकाठ:
वाऱ्याचा मुद्दा मान्य करावा लागेल, कारण रांगेत माझ्याही गाडीचे तेल 112 अंशांपर्यंत गेले होते. तरीही मी रेडिएटरची वाट पुन्हा जोडणार नाही.

पसरणीकर:
जुन्या रेडिएटरबाबत आपली भीती रास्त आहे, एवढे मी मान्य करतो; तो गळायची वाट न पाहता आधीच बदलावा. पण नव्या गाडीचे पाइप कापायला सांगणे मला आजही चूक वाटते. माझ्या गाडीत दोन्ही कूलर एकामागे एक आहेत. येत्या शनिवारी वाईला या, दोन्ही गाड्यांना तेलाचे तापमान दाखवणारा स्कॅनर लावून घाट चढू.

कोयनाकाठ:
येतो. तापमान वाईत, घाटाच्या मध्यावर आणि पाचगणीत, असे तीनदा नोंदवू, आणि आकडे येथे जसेच्या तसे लिहू.