मदत हवी आहे: मामांच्या शॉक ट्रीटमेंटला भुलीचं औषध कोणतं बरं?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. मामा ५२ वर्षांचे, ऊसशेती. नैराश्य इतकं की जेवण सोडलंय, हाक मारली तरी बघत नाहीत. धारवाडच्या डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट, सांगितली आहे. मामीला वाटत होतं जाग्या माणसाला शॉक देतात. भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच बंदी आहे, हे सांगितल्यावर ती तयार झाली.

संमतीचा कागद कानडीत, तो मराठीत समजावून दिला. भुलीला थायोपेंटोन नाहीतर प्रोपोफॉल, असं कळलं. प्रोपोफॉलनं झटका (शॉकनं येणारी फिट) आखूड होतो म्हणे, मग गुण कमी येईल का? केटामाइन कसं? मामांना बीपी आहे.

अजून एक. गेल्या महिन्यात त्यांच्या पोटात फवारणीचं औषध गेलं होतं. बेळगावात आयसीयूत होते. मामी म्हणते पोलिसांचं लचांड नको, म्हणून धारवाडला बोललो नाही.

प्रतिसाद:
भूल देणं हेच माझं काम, म्हणून लिहिते. प्रोपोफॉलनं झटका आखूड होतो खरा, पण बीपी फार उसळत नाही आणि डोस बेताचा ठेवला की काम भागतं. केटामाइननं बीपी चढतं, शॉकनंही चढतं. मामांना मी ते सहसा देणार नाही.

पण तुम्ही शेवटी लिहिलंत तेच धारवाडच्या डॉक्टरांना आधी सांगायला हवं. स्नायू सैल करायला बहुतेक ठिकाणी स्कोलीन देतात. रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम स्कोलीनचा असर पाच-दहा मिनिटांत उतरवतं. क्लोरपायरीफॉससारखी फवारणीची औषधं नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतात, आणि ते भरून यायला कित्येक आठवडे जातात. तोवर स्कोलीन दिलं तर पेशंट उशिरापर्यंत स्वतः श्वास घेत नाही, मशीन लावावं लागतं. आधी कळलं तर सीरम कोलिनेस्टरेज तपासता येतं, किंवा स्कोलीनऐवजी रोक्युरोनियम देऊन त्याचा असर सुगामाडेक्सनं उतरवता येतो. लिथियम (मनाच्या आजारावरची गोळी) चालू असेल तर तेही सांगा.

पोलिसांचं म्हणाल तर त्याच कायद्याचं ११५ वं कलम मामीला दाखवा. असा माणूस तीव्र तणावात होता असंच धरतात, शिक्षा नाही. आणि बाटलीवरच्या नावाचा फोटो घेऊन ती घरातून हलवा, आजच.

धागाकर्ता:
बाटली शेजारच्या काकांकडे दिली. लेबलवर क्लोरपायरीफॉसच आहे. डिस्चार्ज कार्ड सापडलं. कोलिनेस्टरेज बेळगावात करून जाऊ, की धारवाडलाच करतील?