वस्तीवर कमी खर्च होतो हे कागदावर दाखवायचं कसं? (नाशिक मनपा)

गोदाकाठ:
पालिकेचा पैसा सोसायट्यांकडे जातो, दलित वस्ती नि झोपडपट्टी कोरडी राहते, असं चावडीवर सगळेच म्हणतात. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "वस्ती सुधारणेची तरतूद आहे, अंदाजपत्रक बघा." तरतूद असतेच हो. नाल्याच्या अलीकडे वस्ती, पलीकडे रो-हाउस आणि प्रभाग एकच, अशा ठिकाणी जात आणि ऐपत बघून कामं ठरतात का, हे तपासायला कुठले कागद मागावेत? तुलना कशाची कशाशी करायची?

एमबीवाचक:
तरतुदीचा नाद सोडा. तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष अदा झालेली देयकं हे तीन वेगवेगळे आकडे आहेत, आणि आपल्या कामाचा फक्त तिसरा. मार्चअखेर न झालेलं काम दायित्वात, म्हणजे पुढच्या वर्षावर ढकललेल्या देण्यांत, जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा कागदावर उगवतं. एकच गटार दोन अंदाजपत्रकांत मिरवतं.

खरी मेख कामाच्या नावात असते. "प्रभाग क्र. अमुकमधील विविध ठिकाणी काँक्रिटीकरण करणे." या 'विविध ठिकाणी'त सगळं लपतं. नावात वस्ती, काँक्रीट पडलं वस्तीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, म्हणजे ज्याचा फायदा रो-हाउसलाही तितकाच. नेमकी जागा कळते ती मोजमाप पुस्तिकेत (एमबी), म्हणजे झालेल्या कामाची मापं अभियंता जिथे लिहितो त्या वहीत. तिथे लांबी, रुंदी, जाडी, मोजणीची तारीख आणि बहुतेकदा "अमुक घरापासून तमुक घरापर्यंत" असं लिहिलेलं असतं. ती पुस्तिका हातात धरून टेप घेऊन गल्लीत जा.

माहिती अधिकारात "वस्तीत खर्च कमी का?" असं विचारू नका. 'का'ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही, अर्ज तिथेच संपतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. म्हणून एक अर्ज, एक विभाग, एक आर्थिक वर्ष. मागा: बांधकाम विभागाच्या अदा देयकांची यादी (कामाचं नाव, लेखाशीर्ष म्हणजे खर्चाचं खातं, कार्यादेशाची तारीख, अंतिम देयकाची रक्कम) आणि त्या कामांच्या मोजमाप पुस्तिकांची पाहणी. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानामागे 2 रुपये. सगळ्या प्रती मागितल्या तर हजारोंचं पत्र येतं, म्हणून आधी पाहणी, मग हवी तीच पानं. 30 दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प.

सातपूरचा:
वरचं सगळं बरोबर, पण खर्चाला भागायचं कशाने हे राहिलं. प्रभागाच्या सरासरीवर जाऊ नका. 2017च्या रचनेत 122 जागा आणि 31 प्रभाग होते. 2011च्या जनगणनेनुसार शहर 14.86 लाखांचं, म्हणजे एकेका प्रभागात जवळपास 48 हजार माणसं. एवढ्या मोठ्या आकड्यात वस्ती आणि बंगले एकमेकांत विरघळतात. प्रभागरचनेच्या मसुद्याला जोडलेल्या तक्त्यात एकूण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशी लोकसंख्या असते, शिवाय प्रभागात येणारे प्रगणक गटही, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेले छोटे भागही, दिलेले असतात. गट लहान असतो, तिथपर्यंत उतरा.

आणि जात नि ऐपत एका रकान्यात कोंबू नका. वस्तीत आदिवासी आहेत, मुसलमान आहेत, ओबीसी आहेत. सोसायटीतही नवबौद्ध कुटुंबं आहेत. दोन रकाने ठेवलेत तरच कळेल की पारडं कशामुळे झुकतंय.

वकिलीण:
गोदाकाठ, हेतू सिद्ध करायच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेत मिसिसिपीतल्या शॉ या गावाचा खटला बघा. लोकसंख्या साधारण अडीच हजार, त्यात दीड हजार कृष्णवर्णीय. दावा करणाऱ्यांनी घरंच मोजली: कच्च्या रस्त्यावरची जवळपास 98 टक्के घरं कृष्णवर्णीयांची, आणि मैला गटाराची जोडणी नसलेली 97 टक्के घरं त्यांच्याच मोहल्ल्यांत. 1971 मध्ये अपील न्यायालयाने गावाच्या विरोधात निकाल दिला. मात्र 1976 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं की नुसता परिणाम पुरेसा नाही, हेतूही दिसला पाहिजे. त्यानंतर असे दावे अवघड झाले. 1977 मध्ये हेतू कशावरून ताडायचा तेही सांगितलं, त्यातली एक खूण म्हणजे नेहमीची कार्यपद्धती अचानक मोडणं.

तो कायदा इथे लागू नाही, मोजायची रीत मात्र उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 (समानता) खाली मनमानी दाखवता येते. एकाच महिन्यात आलेल्या दोन मागण्या घ्या, एक वस्तीची, एक सोसायटीची. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, चारही तारखा शेजारीशेजारी लिहा. एक फाइल कुठल्या टेबलावर अडली आणि तिथे शेरा काय पडला, हे रकमेपेक्षा जास्त बोलतं.

बादलीमोज:
पाण्याला तर कागदही नको. सार्वजनिक नळाखाली 15 लिटरची बादली ठेवा, भरायला किती सेकंद लागतात ते बघा. समजा 50 सेकंद लागले, तर मिनिटाला 18 लिटर, तासाला 1080. त्या नळावर 30 घरं, 150 माणसं असतील आणि पाणी तासभरच येत असेल, तर माणशी 7.2 लिटर. केंद्राच्या 1999च्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये सार्वजनिक नळासाठीसुद्धा दिवसाला माणशी 40 लिटर धरले होते. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा मोजा. पहिल्या पाच मिनिटांचा दाब फसवा असतो. आणि त्याच दिवशी पलीकडचा नळही मोजा, नाहीतर "आज पंपिंगच कमी होतं" म्हणून मोकळे होतील.

गोदाकाठ:
वस्ती अघोषित, म्हणजे सरकारने झोपडपट्टी म्हणून जाहीर न केलेली, असेल तर? "जागा खाजगी, एनओसी नाही" हा शेरा बऱ्याच फाइलींवर असतो.

वकिलीण:
रस्ता-गटारासाठी तो शेरा बऱ्याच अंशी टिकतो. तिथे 1971च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम 4 खाली घोषित करण्याची मागणी सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पाण्यासाठी मात्र टिकत नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलंय की झोपडी बेकायदा आहे एवढ्यावरून पाणी नाकारता येणार नाही, अनुच्छेद 21 (जगण्याचा हक्क) आड येतं. अर्जात निकालाचा उल्लेख करून प्रत जोडा. शेरा कुठल्या नियमाखाली मारला, तो क्रमांक मात्र दोन्ही प्रकारच्या फाइलींत मागा.