चोपण (सोडियमने बिघडलेल्या) जमिनीत भात लावून सोडियम उतरेल का?

कालव्याची_शेपटी (जि. परभणी)
जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली दीड एकर भारी काळी जमीन आहे. ऊस पिवळा पडतो, पावसाचं पाणी आठवडाभर हटत नाही, वाळलं की ढेकळं फुटत नाहीत. माती परीक्षण: सामू (पीएच) ८.९, ई.सी. (विरघळलेल्या क्षारांचं माप) १.६, विनिमय सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) २२ टक्के, विनिमय क्षमता (माती असे किती घटक धरून ठेवते) ५०. हरियाणात भात घेऊन अशा जमिनी सुधारतात म्हणे. बांध घालून पाणी कोंडू का? जिप्सम किती लागेल?

मातीपाणी
दादा, ई.सी. ४ च्या आत, सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे जमीन खारवट नाही, चोपण आहे. हिला नुसतं गोडं पाणी दिलं तर दुखणं वाढतं. विरघळलेले क्षार निघून जातात, सोडियम मातीला चिकटून राहतो, कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात. बघायचं असेल तर वाटाण्याएवढं वाळलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात सोडा, हलवू नका. दोन तासांत भोवती गढूळ वलय पसरलं तर सोडियमचंच काम.

हरियाणात आधी जिप्सम (त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेला सोडियम सोडवतं), मग भात. शिवाय ती गाळाची माती, आणि कूपनलिकांच्या उपशाने पाणीपातळी खाली. आपल्या काळ्या मातीत चिखलणी केली तर मुरणारं थोडंफार पाणीही थांबेल. भात नकोच.

भुसभुशीत
जिप्समचा हिशोब: क्षमता ५०, त्यातला सोडियम २२ टक्के म्हणजे ११. तो १० टक्क्यांवर, म्हणजे ५ वर आणायचा, तर ६ काढायचे. वरच्या १५ सेंमी थरासाठी दर एककाला एकरी सुमारे ८ क्विंटल शुद्ध जिप्सम, म्हणजे ४८ क्विंटल. पहिल्या वर्षी निम्मं, २४. पोत्यातला माल ८० टक्के शुद्ध असेल तर ३० क्विंटल धरा. मे महिन्यात बारीक भुकटी पसरून वखराने वरच्या १०-१५ सेंमीत मिसळा. खोल नांगरून गाडलं की विरळ होतं. पाऊस झाला की धैंचा (हिरवळीचं खत), एकरी २० किलो बी, फुलोऱ्याआधी ४५ दिवसांत गाडायचा.

चर_आणि_पाइप
हे सगळं निचऱ्यानंतर. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यात. दोन मीटर खोल भोक पाडून छिद्रांचा पाइप उभा करा, पावसाळ्यात पाणी मोजा. पातळी मीटरच्या आत असेल तर उघडा चर किंवा १ ते १.२ मीटर खोल छिद्री पाइप, भोवती वाळू-खडीची गाळणी. मोल नांगराने (जमिनीखाली पोकळ नळी पाडणाऱ्या) केलेली नळी चोपणीत ढासळते, त्यावर खर्च करू नका.

कालव्याची_शेपटी
नाल्याचा तळ शेताहून जेमतेम अर्धा मीटर खाली आहे.

चर_आणि_पाइप
मग पाइप आपोआप वाहणार नाही. कोपऱ्यात हौद करून पंपाने उपसा. तोवर वरच्या अंगाला आडवा चर मारून शेजारचं पाझरपाणी अडवा, उसाचं पाणी कमी करा. पहिल्या वर्षी कापूस किंवा गहू घ्या. हरभरा, मूग टिकत नाहीत. झिंक सल्फेट एकरी १० किलो विसरू नका.