पाटीवरचं वर्ष की गिअरबॉक्स?

'सिरियल नंबरवरून वर्ष काढा आणि मगच भाव बोला' हा जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याला दिलेला सल्ला बहुतेक ट्रॅक्टरांना लागू पडतो, पण फोर्डच्या एन मालिकेत (१९३९ ते १९५२; क्रमाने ९एन, २एन आणि ८एन ही मॉडेलं) तो अर्धवटच आहे. या ट्रॅक्टरांचा नंबर इंजिनच्या ब्लॉकवर डाव्या बाजूला ठोकलेला असतो. म्हणजे कधीकाळी इंजिन बदललं असेल, तर तुम्हाला वर्ष कळतं ते इंजिनचं, ट्रॅक्टरचं नव्हे. त्यात २एनवरही नंबराची सुरुवात ९एननेच होते, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

म्हणून मी आधी गिअर टाकून बघतो. ९एन आणि २एनला पुढचे तीन गिअर, ८एनला चार. ८एनचे दोन्ही ब्रेक पेडल उजवीकडे असतात, आधीच्यांचे दोन बाजूंना एकेक. नंबर ८एनचा आणि गिअर तीनच, असं दिसलं तर दोन ट्रॅक्टरांचा एक केलेला आहे हे नक्की समजा. शेतात चालवायला असा ट्रॅक्टर उत्तमच असतो, मी तो आनंदाने घेईन. पण 'अस्सल, मूळ स्थितीतला' म्हणून जादा पैसे मात्र मुळीच देऊ नका.