मदत हवी आहे: पोरासाठी गिटारचं सिंगल पेडल घ्यावं की मल्टी-इफेक्ट?

राजेहो, जरा सांगा ना. भाचा नववीत आहे, इलेक्ट्रिक गिटार अन् १० वॅटचा अ‍ॅम्प आहे त्याच्याकडे, आता पेडलसाठी, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाने दाबायच्या डबीसाठी, डोकं खाऊन राहिला. त्याचा जीव बॉस कंपनीच्या त्या नारिंगी डीएस-१ पेडलवर, पण ते नुसतं डिस्टॉर्शन (खरखरीत रॉकचा आवाज), मग डिले (आवाज मागून परत येणं) पाहिजे, मग रिव्हर्ब (हॉलसारखं घुमणं), वरून पेडलं जोडायच्या पॅच केबल अन् ९ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर, खर्च थांबतच नाही ना बाप्पा. झूम कंपनीच्या जी१ फोर या मल्टी-इफेक्टमध्ये असे कितीतरी आवाज, ट्यूनर, लूपर (वाजवलेलं पुन्हापुन्हा ऐकवणारा), ड्रमचे ठेके सगळं एकातच, हेडफोन लावला की खालच्या काकूंची दुपारची झोपही वाचते. पण मेनूतच खेळत बसला अन् रियाज बोंबलला तर? नागपुरात सीताबर्डीत, सदरमध्ये कोणी दुकानदार स्वतःची गिटार लावून पाहू देतो का? सेकंडहँड मिळालं तर काय तपासू?